पहिल्या पाळीचा आठवडा

गौतमी सापडली ती हायवेच्या दुभाजकावर. कण्हेरीच्या दोन झुडपांमध्ये पाय पोटाशी घेऊन, दोन्ही कानांवर हात दाबून ती बसली होती, आणि तिच्या एका अंगाने पुण्याकडे, दुसऱ्या अंगाने नगरकडे जाणारे कंटेनर धुरळा उडवत पळत होते. तिच्यापासून हातभर अंतरावर पंक्चरच्या दुकानातला माणूस लाल फडकं हलवत उभा होता. गाड्या त्याला पाहून जरा बाजूने जात होत्या, एवढंच.

तिची वर्गशिक्षिका अनुपमा धावत रस्ता ओलांडून पोचली.

"आपकी बच्ची है ना, मॅडम?" तो म्हणाला. "हाथ लगाया तो चिल्लाती है. तो मैंने सोचा, हाथ नहीं लगाना. बस खड़ा रहना."

अनुपमानेही हात लावला नाही. ती दुभाजकाच्या कठड्यावर टेकली आणि वाट पाहत राहिली. गौतमी पुढे-मागे डुलत होती. हळूहळू डुलणं मंदावलं, एका कानावरचा हात सुटला. अनुपमाने ओढणीचं टोक तिच्यापुढे धरलं. बऱ्याच वेळाने गौतमीने ते मुठीत घेतलं आणि दोघी तशाच, ओढणीच्या दोन टोकांना, शाळेत परत आल्या.

गेटात मुख्याध्यापक शितोळे सर उभे होते. मूळचे दौंडचे, बदली होऊन इकडे आलेले, शिक्रापुरात खोली घेऊन राहणारे. नियमाला पक्का माणूस. ते आज ओरडले नाहीत. ते घाबरले होते, म्हणून त्यांचा आवाज उलट खाली आला होता.

"मॅडम, आज नशीब बरं होतं. रोज असंल का? पोरगी ट्रकखाली गेली तर तुमची-माझी नोकरी जाईल, ते सोडा. पोरगी जाईल."

अनुपमाने गौतमीला गेटाच्या आत घेतलं.

"शनिवारी शाळा सुटल्यावर शाळा व्यवस्थापन समितीची मीटिंग लावतो. विषय एकच. हिला घरून शिक्षण."

घरून शिक्षण म्हणजे काय हे दोघांनाही ठाऊक होतं. नाव शाळेच्या पटावर राहतं, मूल घरी राहतं. तालुक्याची विशेष शिक्षिका सवड मिळेल तशी घरी जाऊन तासभर शिकवते. कागदावर कुणीच शाळेबाहेर नसतं.

गौतमी ओव्हाळ चौथीत होती. पुण्याच्या सरकारी दवाखान्याने तिच्या दाखल्यावर स्वमग्नता असं लिहून दिलं होतं. ती फार थोडं बोले, आणि बोले तेही बहुधा समोरच्याचे शेवटचे शब्द. "डबा खाल्लास का?" विचारलं की "खाल्लास का" असं उत्तर यायचं, त्यावरून खाल्ला की नाही ते चेहरा बघून ठरवायचं. पण ती वाचत होती. हातच्याची वजाबाकी करत होती. दिवस बरा असला की खिडकीजवळच्या जागेवर बसून पाटीभर गणितं सोडवायची, आणि मधूनच शेजारच्या मुलीची चूक आपल्या बोटाने पुसून टाकायची. दिवस वाईट असला की पहिल्या तासालाच कान झाकायची, बाकाखाली जायची, स्वतःचं मनगट चावायची, नाहीतर दार गाठायची. वर्गाला याची सवय झाली होती. "बाई, गौतमी आज चालू हाय का बंद?" असं विश्वजीत सकाळी विचारायचा. त्यात खोडी नसायची; आज ऊन पडलंय का, तसं ते विचारणं असायचं.

अनुपमा रसायनशास्त्राची पदवीधर. नंतर डीएड करून जिल्हा परिषदेत लागली, पण प्रयोगशाळेतली शिस्त अंगातून गेली नव्हती. वाईट दिवसाला कारण असणार, आणि कारण असेल तर ते सापडणार, असं तिला वाटायचं. गणपती बसले त्या आठवड्यात गौतमीने वर्गातल्या पृथ्वीराजच्या दंडाला चावा घेतला, तेव्हा अनुपमाने कारण शोधून काढलं. भोंगा. रोज सकाळी परिपाठाची प्रार्थना, प्रतिज्ञा, दिनविशेष, बोधकथा, सगळं भोंग्यावरून चालायचं. तो भोंगा समितीचे अध्यक्ष बबनराव यांनी वडिलांच्या स्मरणार्थ दिला होता, आणि तसं त्याच्यावर पिवळ्या रंगाने लिहिलेलंही होतं. अनुपमाने शितोळे सरांच्या नाकदुऱ्या काढून परिपाठापुरता भोंगा बंद करायला लावला.

पुढचे दोन आठवडे गौतमी शांत होती. अनुपमाला हवा होता तो पुरावा मिळाला. केंद्रशाळेत शिक्षण परिषद भरली तेव्हा तिने कार्डशीटवर आलेख काढून सगळ्या शिक्षकांपुढे हा उपक्रम मांडला. टाळ्या पडल्या. केंद्रप्रमुख म्हणाले, लिहून द्या, पुढे पाठवू.

त्यानंतरच्या आठवड्यात, भोंगा बंद असताना, गौतमी हायवेवर गेली.

शुक्रवारी गौतमी शाळेत आली नाही. मधल्या सुट्टीत अनुपमाने विशेष शिक्षिका पूनमला फोन लावला. पूनमकडे निम्म्या तालुक्यातल्या शाळा होत्या आणि एक स्कूटी.

"घरून शिक्षण झालं तर तू किती वेळा जाशील तिच्याकडं?"

"खरं सांगू का? पंधरा दिवसांतनं एकदा गेले तरी मोठी गोष्ट. बाकीचे दिवस पोरगी आणि भिंत." पूनम म्हणाली. "मॅडम, ती काय सांगतीय ते शाळेत बसून नका शोधू. घरी जाऊन या एकदा."

शाळा सुटल्यावर अनुपमा शिरूरच्या एसटीला न थांबता सणसवाडीकडच्या बाजूला चालत गेली. भाड्याच्या खोल्यांच्या रांगा ओलांडल्या की मागे ओव्हाळांचं दोन खोल्यांचं घर होतं. गौतमीची आई रोज भल्या सकाळी कंपनीच्या बसने रांजणगावला जायची ती दिवेलागणीला परत यायची. घरात होते ते वडील पोपट आणि त्यांची थोरली बहीण ताईबाई. पोपट एका गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा. नुकताच आंघोळ करून तो दारात बसला होता. आतल्या खोलीत गौतमी कॉटखाली पाटी घेऊन पडली होती.

"जयभीम मॅडम, या," ताईबाई म्हणाली आणि बसायला सतरंजी टाकता टाकता बोललीच, "भोंगा बंद केला तुमी, आता पोरगी बंद करताय म्हणं?"

"ताई, गप की जरा," पोपट म्हणाला.

"गप कशाला? खरं ते बोलते."

चहा आला. अनुपमाने मीटिंगचं सांगितलं. पोपटला ते आधीच कळलं होतं. तो कप हातात फिरवत म्हणाला, "मी असतो तर पळाली नसती ती."

"म्हणजे?"

"न्हाई, या आठवड्यात माझी फस्ट शिफ्ट चालू हाय ना. उजाडायच्या आत जावं लागतं. फस्ट असली की ताई सोडती तिला. सेकंड न् थर्डला मीच आणतो."

अनुपमाने कप खाली ठेवला. "याआधी फर्स्ट कधी होती तुमची?"

"दर दोन आठवड्याआड येती की. मागली... गणपती बसले तवा. त्याच्या आदुगर राखीला."

गणपती बसले तेव्हा पृथ्वीराजला चावा. राखीच्या आठवड्यात गौतमी पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसली होती आणि शाळा सुटेपर्यंत निघाली नव्हती. मधले आठवडे चांगले. भोंगा बंद केला तेव्हा नेमके चांगले आठवडे सुरू झाले होते. तो बंद केला नसता तरी ते चांगलेच गेले असते. अनुपमाला कार्डशीटवरचा आपला आलेख आठवला, आणि त्यावर पडलेल्या टाळ्याही.

"म्हंजी माझ्यामुळं हुतं व्हय हे?" ताईबाईचा आवाज एकदम बारीक झाला.

"नाही ताई, तसं नाही. पोपटराव, तुम्ही तिला आणता तेव्हा वेगळं काय करता?"

पोपटने मानेवरून हात फिरवला. "काय न्हाई."

"काहीतरी असेल."

"काय न्हाई ओ मॅडम. नुसती एक फेरी मारतो."

मग हळूहळू ते बाहेर आलं. खिचडी शिजवणारी धुरपदा सगळ्यांच्या आधी येऊन गेट उघडते. तिच्या पाठोपाठ पोपट आणि गौतमी आत जातात. बालवाडीपासून सुरुवात. गौतमी प्रत्येक खोलीच्या दाराला हात लावते, दार उघडं असेल तर आत डोकावते, बंद असेल तर तशीच पुढे जाते. मग नळ, टाकी, झेंड्याचा कट्टा. सगळ्यात शेवटी चौथीचा वर्ग. तिथे ती आपल्या जागेवर बसली की पोपट निघतो, आणि मागल्या बाजूने, तारेच्या कुंपणातून बाहेर पडतो.

"मागल्या बाजूनं का?"

"गेटवर लिवलंय ना, पालकांनी आत येऊ नये म्हणून. म्हणलं, कुणी यायच्या आत उरकावं."

"आणि कधीपासून चाललंय हे?"

"पहिलीत घातली तवापासनं."

"मला बी न्हाई सांगितलं मेल्यानं!" ताईबाई म्हणाली. "मी आपली घंटेच्या टायमाला गेटात सोडते न् मुकादमाच्या गाडीत बसून खुरपायला जाते. सगळी पोरं वरडत असत्यात तवा."

"पण पोपटराव, मला का नाही सांगितलं?"

पोपटने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. "तुमी बंद केलं असतं तर?"

एसटीत बसल्यावर अनुपमा त्या एका वाक्याजवळ पुन्हा पुन्हा येत राहिली. मग तिला कॉलेजातला तराजू आठवला. काचेच्या पेटीतला, नाजूक. पदार्थ ठेवायच्या आधी रिकाम्या पारड्यांचा काटा शून्यावर आहे का, ते पाहायचं. न पाहता वजन घेतलं की पुढचा सगळा हिशेब चुकत जायचा आणि कुठे चुकला ते कळायचं नाही. गौतमी रोज रिकामी शाळा पाहून घेत होती. मग त्यात किती का पोरं भरेनात.

शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि व्हरांड्यात सतरंज्या पडल्या. बबनराव मधोमध बसले. त्यांचा ऊस, त्यांची सोसायटी, त्यांचं गाव. पण शाळेच्या मीटिंगला ते कधी चुकत नसत. पृथ्वीराजची आई अनिता होती, आणखी दोन-तीन पालक होते. पोपट रजा टाकून आला होता आणि सतरंजीच्या कडेला, अर्धा फरशीवर बसला होता.

"मी सरळ बोलते," अनिता म्हणाली. "माझ्या पृथ्वीला चावली, तवा मी काय बोलले का? बोलले का मॅडम? लेकरू हाय, म्हणून सोडून दिलं. पण रोडवर गेली म्हणल्यावर जीव उडाला माझा. उद्या तिच्या मागं आमची पोरं पळाली तर?"

"आन् मॅडम," बबनराव म्हणाले, "तुमी तर म्हणाला हुता, भोंग्यामुळं हुतंय. आमच्या वडलांच्या नावाचा भोंगा. गावात लोक मला इचारत्यात, आबांचा आवाज का बसला म्हणून."

सगळे हसले. अनुपमाही हसली असती, पण तिला पुढचं वाक्य बोलायचं होतं.

"ते माझं चुकलं," ती म्हणाली.

हसू थांबलं. या व्हरांड्यात शिक्षकाच्या तोंडून असं वाक्य कुणी फारसं ऐकलं नव्हतं. शितोळे सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"म्हंजी आमचे आबा निर्दोष?"

"भोंग्याचा तिला त्रास होतो, हे खरंच आहे. पण ती पळाली त्याचं कारण भोंगा नव्हता. मी घाईने ठरवलं." मग तिने पोपटच्या पाळ्यांचं सांगितलं, फेरीचं सांगितलं. सांगताना शब्द मोजूनमापून वापरले, तरी फेरीपाशी आल्यावर सरांनी पुसायचं थांबवलंच.

"ओव्हाळ, तुम्ही इतकी वर्षं शाळेत चोरून येत होता?"

"चोरून न्हाई सर," पोपट म्हणाला. "लवकर."

अनिताने तोंडाला पदर लावला. स्वयंपाकघरातून इतका वेळ भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला होता.

"धुरपदाबाई!" सरांनी हाक मारली.

"मला काय म्हाईत, सर," आतून आवाज आला. "मी तांदूळ निवडत असते. पाठमोरी."

बबनराव मोठ्याने हसले आणि मग एकदम गंभीर झाले. "मॅडम, तवा बी तुमाला खात्री हुती. आता बी हाय. हे तरी घाईनं ठरवलं नसंल कशावरनं?"

"असेलही. म्हणून तपासून बघू म्हणते. पोपटरावांची पुढची फर्स्ट लागेल त्या आठवड्यात मी लवकर येईन आणि फेरी मी करून घेईन. तेवढा एक आठवडा द्या."

"आन् पोरीनं गेटाभायेर पाय टाकला तर?"

"तर घरून शिक्षणाचा प्रस्ताव मी माझ्या हाताने लिहीन."

ते तोंडातून गेलं आणि मग तिला ते ऐकू आलं. पोपट खाली मान घालून सतरंजीचा दोरा ओढत होता.

"चालंल," बबनराव म्हणाले. "एक आठवडा. आन् सर, भोंगा तवर बंदच ऱ्हाऊ द्या. तरास हुतोय म्हणत्यात ना. आबा काय रागवायचे न्हाईत."

सगळे पांगल्यावर पोपट गेटापाशी थांबला होता. "मॅडम," तो म्हणाला, आवाजात राग नव्हता, "पैज माझ्या पोरीवर लावली तुमी."

"सोमवारपासून सकाळी मीही येते तुमच्या मागे," अनुपमा म्हणाली.

पुढचे दोन आठवडे ती शिरूरहून एक एसटी आधी पकडून आली आणि पोपट व गौतमीच्या मागे चालत राहिली. आता पोपट पुढच्या गेटाने येत होता आणि पुढच्याच गेटाने जात होता. सर त्यावर काही बोलत नव्हते, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. फेरी तिला वाटली होती तितकी सोपी नव्हती. नळापाशी गौतमी किती वेळ थांबेल याला काही नियम नव्हता. पोपट तेव्हा काही करत नसे, नुसता उभा राहून कंपनीच्या बसमधल्यासारखा डोळे मिटून घेई.

मग पहिल्या पाळीचा आठवडा आला. सोमवारी ताईबाईने गौतमीला घंटेच्या बऱ्याच आधी गेटात सोडलं, मुकादमाची लवकरची गाडी चौकात हॉर्न वाजवत होती, ती तिकडे पळाली. अनुपमाने हात पुढे केला आणि म्हणाली, "चल गौतमी, आज बाबा नाहीत ना, आज आपण दोघी फेरी करू, आधी बालवाडी, मग..." गौतमीने कान झाकले आणि पायरीवर बसकण मारली. परिपाठ झाला, पहिला तास झाला, ती पायरीवरच. अनुपमा गेटाच्या आतल्या बाजूला खुर्ची टाकून बसली आणि चौथीचा वर्ग तिने व्हरांड्यात भरवला. गौतमी दिवसभर वर्गात आली नाही, पण गेटाबाहेरही गेली नाही.

मंगळवारी अनुपमाने हात पुढे केला नाही आणि तोंडही उघडलं नाही. ती मागे चार पावलांवर उभी राहिली. गौतमी बराच वेळ तिच्या चपलांकडे बघत होती. मग तिने वळून बालवाडीच्या दाराला हात लावला. नळापाशी ती थांबली तेव्हा अनुपमाने डोळे मिटून घेतले. काय करावं ते सुचत नव्हतं, आणि पोपटचं पाहिलेलं होतं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार तसेच गेले. वर्गात गौतमी बाकाखाली एकदाच गेली, तेही खोडरबर पडला होता म्हणून.

शनिवारी सकाळची शाळा. अनुपमा अंधार असतानाच शिरूर डेपोवर आली होती, एसटीही वेळेवर सुटली, आणि शिक्रापूरच्या चौकात येऊन रुतली. पुढे एक ट्रेलर आडवा झाला होता. कंडक्टर खाली उतरून बघून आला आणि म्हणाला, "बसा निवांत." तिने धुरपदाला फोन लावला. धुरपदाचा फोन नेहमीसारखा घरी राहिला असणार. मग तिने सरांना लावला. तोही कुणी उचलला नाही. ताईबाई तर आता पोरीला सोडून गाडीत बसलीही असेल. अनुपमा खिडकीतून पुढच्या गाड्यांच्या रांगेकडे बघत राहिली. प्रस्तावाचा मजकूर कसा सुरू करतात हे तिला पाठ होतं, आणि नको असताना ते शब्द डोक्यात जुळायला लागले.

फाट्यावर उतरून ती जवळजवळ पळतच निघाली. शाळा दिसली तेव्हा आधी तिला गेटाबाहेरची गर्दी दिसली. पोरं होती. दप्तरं पाठीला, रस्त्याच्या कडेला ओळीने बसलेली, आणि आश्चर्य म्हणजे गप्प.

"काय झालं? बाहेर का बसलाय?"

"शू, बाई," विश्वजीत म्हणाला. "सरांनी सांगितलंय, गौतमीचं हुस्तवर आत यायचं न्हाई. आन् दंगा बी करायचा न्हाई."

अनुपमाने गेट हलकेच लोटलं. आवारात कोवळं ऊन आडवं पसरलं होतं. धुरपदा स्वयंपाकघराच्या दारात तांदळाचं ताट मांडीवर घेऊन, आज पाठमोरी नाही, चांगली समोर तोंड करून बसली होती. आणि कार्यालयाच्या बंद दारासमोर शितोळे सर उभे होते. एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात मस्टर, बगलेत हेल्मेट. दाराला कुलूप होतं.

त्यांनी तिला जागच्या जागी थांबायची खूण केली. गौतमी टाकीपाशी होती.

अनुपमा भिंतीच्या कडेने त्यांच्याजवळ गेली. "सर, तुम्ही बाहेर का?"

"म्हणलं, समितीला सांगायचंय तर एकदा डोळ्यांनी बघावं, म्हणून लवकर आलो," सर कुजबुजले. "ऑफिस उघडून बसलो. धुरपदाबाईनं पोरीला आत घेतलं. आली ती बालवाडी, पहिली, दुसरी करत, आणि ऑफिसपाशी थटली. मी आत बसलेला. दाराला हात लावायला पुढं होईना, मागं जाईना. मनगट तोंडात घातलं तिनं. म्हणलं, बरोबर आहे. ती येती तेव्हा इथं कधी कुणी नसतंच. मीच जास्त होतोय."

"मग?"

"मग काय. उठलो, सामान उचललं, कुलूप लावलं, बाहेर येऊन उभा राहिलो. फोन आतच राहिला." त्यांनी मस्टर दुसऱ्या हातात घेतलं. "तरी हलेना. मग कळलं, मी दाराच्या अगदी पुढ्यात उभा आहे. सरकलो. मग लावला हात. लावून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, बालवाडीपासून. दुसरी फेरी आहे ही."

गौतमी टाकीपासून निघाली, झेंड्याचा कट्टा बोटाने घासत गेली आणि चौथीच्या वर्गात शिरली. थोडा वेळ आतून काही आवाज आला नाही. मग दप्तराची चेन उघडल्याचा आवाज आला.

सरांनी सोडलेला श्वास अनुपमाला ऐकू आला. गेटाबाहेर मोटारसायकल थांबली. नातीला सोडायला बबनराव आले होते. आत येऊन त्यांनी कुलूपबंद कार्यालय पाहिलं, डब्याची पिशवी पाहिली.

"काय सर, मॅडमनी भायेर काढलं का काय तुमाला?"

"मीच निघालो."

"बरं, आज आठवडा संपला. प्रस्ताव लिवायचा का मग?"

"लिहायचाय," शितोळे सर म्हणाले. अनुपमाने चमकून पाहिलं. सर खिशातून कुलपाची किल्ली शोधत होते आणि कुणाकडेच बघत नव्हते. "गेटच्या किल्लीचा. आणखी एक करून घ्यायचीय, शाळेच्या किरकोळ खर्चाच्या सादिलमधनं. पोपटरावांच्या घरी द्यायला. धुरपदाबाई एखाद दिवशी आजारी पडली तर पोरीनं बाहेर का थांबायचं?"

"किल्लीला कशाला परस्ताव?" बबनराव म्हणाले. "टाका करून. आन् मॅडम, हे असं दर येळी पोरं रस्त्यावर बसवू नका. कुणाची तरी म्हैस यायची अंगावर. कट्ट्यावर बसवा, आतल्या बाजूला."

"कट्टा तिच्या फेरीत येतो," अनुपमा म्हणाली.

"मग कडुनिंबाखाली."

"ते चालेल."

पोरं आत आली. आल्या आल्या आवार भरलं, आवाज उठला, कुणाची बाटली सांडली, कुणाची चप्पल हरवली. अनुपमा चौथीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. गौतमीने पाटी काढली होती आणि खिडकीच्या चौकटीवरची धूळ ती ओल्या बोटाने पुसत होती. तिने वर पाहिलं नाही.

पोपट आता फोर्कलिफ्टवर असणार. फोन त्याला नाश्त्याच्या सुट्टीतच बघता येतो. अनुपमाने मेसेज लिहायला घेतला. सोमवारी काय चुकलं, नळापाशी काय केलं, आज सरांनी काय केलं, असा तो लांबत गेला. तिने तो सगळा पुसला आणि लिहिलं, "गौतमी वर्गात आहे. शाळेतच राहणार." पाठवला, मस्टरवर सही करायला गेली, आणि तिथून प्रार्थनेला.